पॉइंट ब्रेकची कथा पातळ नाही

पॉइंट ब्रेक (१९९१) या हॉलिवूडपटात नुसती हाणामारी आहे, कथा पातळ आहे, हे मत मला अजिबात पटलं नाही. सर्फर दरोडेखोरांत घुसलेल्या एफबीआयच्या (अमेरिकी तपास यंत्रणेच्या) जॉनी युटाचा त्यांच्या म्होरक्यावर, बोधीवर, जीव जडतो. कथा तीच आहे! तो पायी पाठलाग आठवा. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा मुखवटा घातलेला बोधी बोळांतून, लोकांच्या घरांतून पळतोय, कॅमेरा अक्षरशः मागे धावतोय. शेवटी युटाचा फुटबॉलमध्ये दुखावलेला गुडघा दगा देतो. बोधी नेमात असतो, तरी हा गोळ्या हवेत झाडतो. दिग्दर्शिका कॅथरीन बिगेलोने संवादाशिवाय सगळं सांगितलंय. २०१५च्या रिमेकमध्ये स्टंट जबरदस्त आहेत, पण या दोघांमधली ओढच नाही. जुनाच बघा, तोही बोधी झालेल्या पॅट्रिक स्वेझीसाठी.