विषय: मुंबई ते हीथ्रो, नेमके किती तास?

सर्वांना सप्रेम नमस्कार,

आई-बाबा नोव्हेंबरात पहिल्यांदाच इकडे येताहेत, साताऱ्याहून. मुंबईहून थेट विमान आहे: दुपारी १:१५ ला सुटणार, संध्याकाळी ६:०० ला लंडनचं हीथ्रो. बाबा खूश, म्हणे पावणेपाच तासांचाच प्रवास! धाकटा भाऊ म्हणतो, अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, वेग ताशी ९००, म्हणजे आठ तास. आईला रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन असतं, म्हणून मला खरा आकडा हवाय. कुणी सांगेल का?

(लंडनजवळच्या स्लाववरून)

———

सव्वादहा तास धर, बाळ.

तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे गेली, की भारत आपल्यापुढे साडेपाच तास. इथे संध्याकाळचे ६, तेव्हा साताऱ्यात रात्रीचे ११:३०.

भावाचं गणित चुकलेलं नाही. पण ७,२०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं सर्वांत जवळचं अंतर. ती वाट पाकिस्तानवरून जाते. एप्रिल २०२५ मध्ये ती हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाली आणि त्यांच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, थंडीत तर फारच. इकडे येताना तो समोरून झोंबतो, परत जाताना पाठीशी असतो. म्हणून परतीला बहुतेक वेळा तासभर कमी लागतो. छापलेल्या वेळेत धावपट्टीपर्यंतचं सरकणंही धरलेलं असतं. हीथ्रोला गर्दी असली तर उतरायची पाळी येईपर्यंत लंडनच्या आसपास बोव्हिंग्डन नाहीतर बिगिन या गावांच्या आकाशात घिरट्या होतात, त्या वेगळ्या.

आता आईंचं. त्यांच्या डॉक्टरांना घड्याळातली वेळ सांगू नकोस, तास सांग: दुपारी सव्वाला निघून भारतीय वेळेनं साडेअकरापर्यंत विमानातच. म्हणजे रात्रीचं जेवण आणि इन्सुलिन दोन्ही हवेतच येणार. डोस कधी, किती, ते डॉक्टरच ठरवतील. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवायचं, खालच्या सामानात ते गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. बाबांना सांग, हीथ्रोला उतरेपर्यंत घड्याळाला हात लावू नका.

मला खरी काळजी निराळी वाटते. सकाळी १० ला विमानतळावर पोचायचं तर साताऱ्याहून पहाटे ३ ला निघावं लागेल. इथे बाहेर पडायला साडेसात, म्हणजे तिकडचा रात्रीचा १. झाले बावीस तास! आदल्या दिवशीच मुंबईत आणा त्यांना. व्हीलचेअरही आत्ताच सांगून ठेव. इथली चाल लांब आहे, मान कमी होत नाही त्यानं.

(हॅरोवरून)

———

काका, मनापासून आभार. बाबांना फोन केला. आदल्या संध्याकाळी ठाण्याला आत्याकडे मुक्काम ठरला. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली. व्हीलचेअरला आई तयार आहे, बाबांना अजून पटवतेय.