कोकमला बर्फात नेताना

सी-३०३: नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बर्फात जायचं ठरतंय. स्नो-शूज घालून एका दिवसाची चढाई, आणि बरोबर आमचा कुत्रा कोकम. गावठी जात, वय अडीच वर्षं, वजन १९ किलो. डोक्यात केदारकांठा आहे. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर हिमालयातले जाणकार आहेत आणि जनावरांचे डॉक्टरही आहेत, म्हणून इथंच विचारतो.

बी-२०१: केदारकांठा आधी खोडा. तो गोविंद अभयारण्याच्या हद्दीत येतो. तुंगनाथ-चंद्रशिला केदारनाथ अभयारण्यात. तिथं कुत्रा चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. डिस्टेंपरसारखे रोग पाळीव कुत्र्यांकडून रानातल्या जनावरांना जातात. आपल्या गोव्यात म्हादई अभयारण्यातून सोसोगडावर कुत्रा नेत नाही ना, तसंच.

सी-३०३: मग कुठं?

बी-२०१: हिमाचलात नारकंडा आणि त्याच्या डोक्यावरचा हाटू. सिमल्याहून साधारण ६५ किमी, राष्ट्रीय महामार्ग ५ वर. गाव २,७०० मीटरवर, माथा सुमारे ३,४०० मीटरवर. म्हणजे चढ ७०० मीटरचा. वर हाटूमातेचं देऊळ. उन्हाळ्यात गाडी वरपर्यंत जाते, बर्फ पडला की तोच ७-८ किमीचा गाडीरस्ता चालायची वाट होतो. वाट चुकत नाही, चढ अंगावर येत नाही, बाजूला देवदार, रई, खरशूची झाडं. कुत्र्याबरोबर पहिल्यांदा जाणाऱ्याला याहून सोपा डोंगर शोधू नये. मात्र बर्फ किती असेल ते पश्चिमी विक्षोभावर, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेवर. एक चांगला येऊन गेला आणि मध्ये दोन दिवस ऊन पडलं, की निघायचं.

बी-४०४ काका: स्नो-शूज म्हणजे ते मनालीजवळ सोलंगला भाड्यानं मिळतात ते ना?

बी-२०१: नाही काका. ते गमबूट. स्नो-शूज म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद चौकट, ॲल्युमिनियमची किंवा जाड प्लॅस्टिकची. माणसाचं वजन पसरतं म्हणून पाय कमी रुततो. खाली पंजाजवळ पोलादी दात असतात, टाचेखाली एक तारेची कडी. चढावर ती उभी करायची, म्हणजे टाच वर टेकते आणि पोटऱ्या भरून येत नाहीत. सपाटीवर आणि उतारावर ती पाडून ठेवायची. नारकंड्यात ते भाड्यानं मिळतीलच असं धरून चालू नका, इथूनच सोय करून न्या.

माप बुटाच्या नंबरावर नसतं, वजनावर असतं. स्वतःचं वजन + पाठीवरची पिशवी + कपडे-बूट, आणि मग कंपनीचा तक्ता बघायचा. २२ इंची साधारण ८० किलोपर्यंत. भुसभुशीत ताज्या बर्फात एक माप मोठं बरं, पण चाकांनी-पावलांनी दाबलेल्या वाटेवर लांब चौकट नुसती अडखळते. आत घोट्याच्या वर येणारा, पाणी न शिरणारा बूट आणि गेटर, म्हणजे बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण. काठ्या दोन, खाली रुंद चकती असलेल्या. बारीक चकतीची काठी मुठीपर्यंत आत जाते.

ए-३०१ वहिनी: चालायचं कसं ते पण सांगा. पहिल्यांदा घालणारा पहिल्या दहा मिनिटांत हमखास स्वतःच्याच पायावर पाय देतो.

बी-२०१: बरोबर. पाय नेहमीपेक्षा जरा फाकवून टाकायचे. पट्ट्यांची बकलं बाहेरच्या बाजूला, म्हणजे एकमेकांत अडकत नाहीत. मागे पाऊल टाकायचं नाही, चौकटीची शेपटी म्हणजे मागचं टोक बर्फात रुततं आणि माणूस पाठीवर. वळायचं असेल तर छोटी छोटी पावलं टाकत गोल फिरा. उतरताना गुडघे सैल, वजन टाचेवर.

आता कुत्र्याचा मुद्दा, कारण हा फार जण विसरतात. कुत्रा शहाणा असतो, तो तुम्ही दाबलेल्या वाटेवरूनच मागून येतो. आणि बरोबर तुमच्या चौकटीच्या शेपटीवर पाय देतो. तुम्ही तोंडावर. किंवा उलट, तो पायात घुटमळतो आणि पोलादी दात त्याच्या पंजावर पडतात. बर्फात लागलेली सगळ्यात वाईट जखम हीच. म्हणून घरीच ‘मागे’ हा शब्द शिकवा. दोन हात अंतर, दोरी दोन मीटरची. मागे येतो म्हटल्यावर काठीचं टोक त्याच्या तोंडाला लागणार नाही हेही बघा.

सी-३०३: कमरेला बांधायची दोरी घेतली तर? हात मोकळे राहतात.

बी-२०१: चढावर ठीक. उतारावर ती कमरेवरून सोडा, कोकमनं एक हिसका दिला की दोघंही खाली. हार्नेस पाठीवर मूठ असलेलं घ्या, इंग्रजी वाय अक्षरासारखं छातीवर येणारं. नुसता गळपट्टा नको. बर्फात गळ्याला धरून ओढून काढता येत नाही, मुठीला धरून येतं. रई-देवदाराच्या बुंध्याभोवती बर्फाखाली पोकळी असते, वरून दिसत नाही. माणूस कमरेपर्यंत जातो, १९ किलोचा कुत्रा पुरता आत जातो. बुंध्यांपासून लांबून चाला आणि त्याला हुंगायला तिकडे जाऊ देऊ नका.

सचिव: मध्येच लिहितो, क्षमस्व. उद्या टाकी साफ करणार, १० ते १ पाणी बंद. भरून ठेवा.

ए-१०२ डॉक्टर: आत्ता वाचलं. क्रमानं सांगतो, पण स्नो-शूजच्या आधी रक्त.

गोव्यातल्या गावठी कुत्र्याला गोचिडीचा ताप होऊन गेलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. एर्लिकिया, बबेसिया. कुत्रा इथं धडधाकट दिसतो, जेवतो, गेटवर भुंकतो. पण रक्त कमी असतं. समुद्रसपाटीला ते खपून जातं. ३,४०० मीटरवर हवेचा दाब इथल्या साधारण दोन तृतीयांश. तिथं तोच कुत्रा अर्ध्या तासात बसतो आणि मालक म्हणतो, आळशी आहे. संपूर्ण रक्ततपासणी आणि स्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), दोन्ही. लाल पेशींचं प्रमाण ३७ ते ५५ टक्के हवं. खालच्या काठावर असेल तर मी ‘जा’ म्हणणार नाही. प्लेटलेट कमी असतील तर आधी उपचार.

रेबीजची लस वर्षाच्या आत घेतलेली हवी, तिचं पुस्तक मूळ प्रत. प्रवासाच्या आदल्या दिवशी तंदुरुस्तीचा दाखला माझ्याकडून न्या.

ए-३०१ वहिनी: डॉक्टर, आमच्या पगला पण नेता येईल का?

ए-१०२ डॉक्टर: नाही वहिनी. चपट्या नाकाचा कुत्रा थंड आणि विरळ हवेत चढवायचा नसतो. एक वर्षाखालचं पिल्लूही नाही, हाडं पक्की झालेली नसतात. मोठ्या जातीला दीड वर्ष थांबा.

आता पाय. सड्यावरच्या तापलेल्या जांभ्यावर फिरून कोकमचे तळवे टणक असतील, पण टणक म्हणजे बर्फाला तयार असं नाही. कोरडा तळवा थंडीत चिरतो. बोटांमधले केस तळव्याच्या पातळीला कापा. तिथंच बर्फाच्या गोळ्या धरतात, बोटं फाकतात आणि कुत्रा लंगडतो. गोळी ओढून काढू नका, केसासकट कातडी येते. मुठीत धरून वितळवा. निघायच्या आधी आणि दर थांब्याला पंजाला मेण चोळा. काखा आणि पोटाचा मऊ भागही तपासा. वरचा थर कडक झालेला असेल तर पुढच्या पायाच्या आतलं सुटं नख सोलवटतं, त्याला पट्टी गुंडाळा.

सी-३०३: कुत्र्याचे बूट?

ए-१०२ डॉक्टर: घ्या, पण आजपासून घाला. पहिल्या दिवशी घरात पाच मिनिटं. हत्तीसारखा पाय उचलून चालेल, हसू नका. हळूहळू जिन्यावर, मग मैदानात. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा रुंद असतात, मापं वेगळी घ्या. दोन जास्तीचे ठेवा, एक नक्की बर्फात राहतो. पट्टा फार आवळला तर रक्त अडतं आणि बूट घालूनही पाय गारठतो. अर्ध्या तासानं काढून हात लावून बघायचं. आत बर्फ शिरलेला असेल तर तो बूट ओल्या मोज्याहून वाईट.

बी-४०४ काका: स्वेटर चालेल का? आमच्याकडे जुने आहेत.

ए-१०२ डॉक्टर: लोकरी स्वेटर भिजला की जड होतो आणि अंगाला गार चिकटून राहतो. गावठी कुत्र्याला आतली मऊ लव जवळजवळ नसते. पणजीत जानेवारीची पहाट २० अंशांच्या आसपास, तिथं शून्याखाली. आत फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट, पोट झाकणारं. पण चढताना जाकीट काढा, थांबल्यावर लगेच घाला. चालताना तो तापतो, थांबला की भरभर निवतो. थांब्याला खाली फोमच्या चटईचा तुकडा टाका.

पाणी: दिवसभराचं दीड लिटर, कोमट, थर्मासमध्ये. ‘बर्फ चाटतोय की’ म्हणून सोडू नका. बर्फ वितळवायला अंगातली ऊब जाते आणि पाणी त्यातून थोडंच मिळतं. तो पीत नसेल तर त्यात दोन चमचे बिनमिठाचं कोंबडीचं पाणी घाला. खाणं त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त लागतं, पण एकदम चरबी वाढवली तर जुलाब. आठवडाभर आधीपासून हळूहळू वाढवा. भात आणि हुमणावर (माशाच्या आमटीवर) वाढलेल्या कुत्र्याचं पोट तिथल्या पराठ्याला सरावलेलं नसतं. सकाळचं खाणं हलकं, निघायच्या दोन तास आधी. तुमच्या सुक्या मेव्यातल्या मनुका आणि चॉकलेट त्याला विष आहे. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनही देऊ नका. गाडीच्या रेडिएटरमधलं न गोठणारं पाणी गोड लागतं, ते सांडलेलं चाटलं तर मूत्रपिंडं जातात.

बी-२०१: डॉक्टर, थंडी बाधल्याच्या खुणा लिहा. माझ्याहून तुम्ही नेमकं लिहाल.

ए-१०२ डॉक्टर: आधी एकेक पाय उचलतो. मग थरथरतो. मग जागेवर बसतो, हाक मारली तर उशिरा बघतो. थरथर थांबली आणि तरी तो सुस्तच, तर ‘बरा झाला’ असं समजू नका. शरीरानं हार मानलेली असते. गुदद्वारातलं तापमान निरोगी कुत्र्यात ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास, ३७ च्या खाली गेलं की चढाई संपली. अंग पुसून कोरडं करा, जाकिटात घ्या, कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून छातीशी आणि काखेत. कानाचं टोक किंवा शेपटी पांढरट-कडक झाली तर चोळू नका, आगीजवळ धरू नका. उंचीचा त्रास कुत्र्यालाही होतो: खात नाही, ओकतो, बसल्या जागी धापा टाकतो. त्यावर गोळी शोधत बसू नका, खाली उतरा. नारकंड्यात पोचल्यावर एक पूर्ण दिवस नुसतं गावात फिरा.

बी-४०४ काका: मग परत कधी फिरायचं ते कोणी ठरवायचं? देऊळ दिसायला लागल्यावर परत फिरणं जमत नाही कुणाला.

बी-२०१: घड्याळानं, काका. दाबलेल्या वाटेवर दीड-दोन किमी तासाला, स्वतः वाट फोडायची असेल तर एकही होत नाही. साडेसातला निघा. साडेबाराला जिथं असाल तिथून वळा, हाटूमाता रागावत नाही. दुपारी वरचा कडक थर मऊ पडतो. तुम्हाला चौकट धरून ठेवते, कोकमचे चारही पाय छातीपर्यंत जातात. सकाळी धावत चढलेला कुत्रा उतरताना दमतो तो यामुळे. चढतानाच तो पोटापर्यंत रुतत असेल तर त्या दिवशी पुढं जाऊच नका.

दुसरं कारण बिबट्या. हिमाचलात तो गावाच्या कडेला येतो आणि कुत्रा हे त्याचं आवडतं खाणं. मेंढपाळ भोटिया कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो हौसेनं नाही. अंधाराच्या आत खोलीत. रात्री बाहेर बांधायचं नाही, ‘शू’साठी नेतानाही दोरी आणि टॉर्च.

हिमस्खलन: हाटूचा रस्ता झाडीतून आहे, पण ३० ते ४५ अंशांचा उघडा उतार आडवा आला तर तो ओलांडायचा नाही. मोठ्या हिमवर्षावानंतरचे २४ ते ४८ तास घरी बसायचं. डीआरडीओची चंदीगडची संस्था हिमस्खलनाचे इशारे काढते, आदल्या संध्याकाळी बघा. फोन आतल्या खिशात, थंडीत बॅटरी धडाधड उतरते. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो, म्हणजे बूच मोकळं राहतं.

ए-३०१ वहिनी: आणि जाणार कसं? मडगावहून गाडीत कुत्रा घेतात का?

बी-४०४ काका: हे मला विचारा. कुत्रा फक्त पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात, तोही दोन बर्थचं कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तर. टू-टिअर, थ्री-टिअर, स्लीपरमध्ये नाही. तिकीट काढताना कूपेच मिळेल याची खात्री नसते, ते चार्ट होताना ठरतं. म्हणून आधीच लेखी अर्ज द्या. गाडीच्या दिवशी पार्सल ऑफिसात लसीचं पुस्तक आणि तिकीट घेऊन बराच आधी जा, तिथं त्याचं बुकिंग करून पावती मिळते. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातल्या पेटीचा. तो बिलकूल नको. इथला उकाडा आणि दिल्लीची फेब्रुवारीतली रात्र, दोन्ही त्या पत्र्यात.

बी-२०१: राजधानीला पहिला वर्ग आहे, दिल्लीत निजामुद्दीनला उतरून पुढं टॅक्सी. नारकंड्यातलं हॉटेल कुत्रा घेतं का ते खोली ठरवायच्या आधी विचारा. ‘पेट चालतो’ म्हणजे पार्किंगमध्ये बांधा असा अर्थ निघतो कधी कधी.

सी-३०३: सगळ्यांचे आभार. केदारकांठा खोडला. बूट आजच मागवतो. डॉक्टर, कोकमला कधी आणू?

ए-१०२ डॉक्टर: गुरुवारी सकाळी ९ ला. रात्री आठनंतर खायला देऊ नका, पाणी चालेल. आणि येताना नखं कापून आणू नका, ती मी बघून कापतो. बर्फात ती थोडी हवी असतात.