स्टालिनग्राडच्या लढाईवरील गंभीर लष्करी इतिहासग्रंथ: निवड कशी करावी?

नवीपेठकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सोलापुरातील पाच मित्र दर रविवारी सकाळी एकत्र बसून इतिहासाचे एखादे पुस्तक वाचतो. गेले वर्ष पानिपतात गेले. या वर्षी दुसऱ्या महायुद्धातील स्टालिनग्राडची जर्मन-सोव्हिएत लढाई घ्यावी असे ठरले आहे, कारण मैदानातील लढाई आणि गल्लीबोळांतील, कारखान्यांतील, जिन्यांवरील लढाई यांत नेमका कोणता फरक पडतो, हे आम्हांला समजून घ्यायचे आहे.

अँटनी बीव्हर यांचे १९९८ साली आलेले 'स्टालिनग्राड' आमच्यापैकी तिघांनी वाचले आहे. पुस्तक हातातून सुटत नाही, हे खरे. मात्र मिटल्यावर आम्ही एकमेकांना साधे प्रश्न विचारले, तेव्हा उत्तरे देता आली नाहीत. ऑगस्टच्या अखेरीस शहराच्या उत्तरेला व्होल्गापर्यंत पोहोचलेल्या जर्मन सैन्याला पुढचे काही किलोमीटर अडीच महिन्यांतही का जिंकता आले नाहीत? कोणती डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांचे पथक, कोणत्या दिवशी कोठे होती? सोव्हिएत सैन्याचा वेढा पडल्यावर जर्मन सहाव्या आर्मीचा सेनापती पाउलुस याने बाहेर पडण्याचा प्रयत्न का केला नाही?

डेव्हिड ग्लान्त्झ आणि जोनाथन हाउस यांच्या खंडांचे नाव सर्वत्र दिसते, परंतु सगळे खंड घ्यायचे म्हटले तर पाच जणांच्या वर्गणीलाही ते जड जाते. शिवाय सेनापतींच्या आठवणी कितपत विश्वासार्ह मानाव्यात, हेही कळत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बखरवाचक

पानिपत वाचून आलेल्या गटाला ही गोष्ट सांगणे सोपे आहे. भाऊसाहेबांची बखर वाचताना अंगावर काटा येतो, तरीही १८९८ साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला आणि त्या काळातील अस्सल पत्रे लोकांसमोर आली, तेव्हा बखरीतील मजकूर पत्रांशी ताडून पाहणे भाग पडले. स्टालिनग्राडचेही असेच झाले आहे. युद्धानंतरची बरीच वर्षे पाश्चात्त्य वाचकांपुढे मुख्यतः जर्मन सेनापतींच्या आठवणी होत्या आणि त्यांचे सार एवढेच होते की आम्ही उत्तम लढलो, हिटलरने घात केला. सोव्हिएत बाजूची पुस्तके होती, पण ती सरकारी कात्रीतून गेलेली होती. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर तेथील लष्करी दफ्तरे काही अंशी खुली झाली आणि ग्लान्त्झ-हाउस यांनी जर्मन सहाव्या आर्मीच्या व शहर राखणाऱ्या सोव्हिएत ६२व्या आर्मीच्या रोजच्या नोंदी समोरासमोर ठेवून लढाई दिवसागणिक मांडली. त्यांचे काम बीव्हर यांच्याहून वेगळ्या जातीचे आहे ते यामुळे. एकाला चांगले आणि दुसऱ्याला वाईट ठरवण्याचे कारण नाही.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पहिल्याच खंडात दडलेले आहे. लोकप्रिय पुस्तके बहुधा २३ ऑगस्ट १९४२च्या भीषण बॉम्बवर्षावापासून रंगात येतात. त्या आधीचे पाच-सहा आठवडे, म्हणजे डॉन नदीच्या मोठ्या वळणावरील लढाया, त्यांत चार-दोन पानांत आटोपतात. सोव्हिएत इतिहासकार मात्र लढाईचा आरंभ १७ जुलैला मानतात. डॉनच्या वळणावर सोव्हिएत रणगाडा आर्मींनी घाईघाईने आणि पुष्कळदा अव्यवस्थितपणे केलेले प्रतिहल्ले अयशस्वी झाले खरे, पण सहाव्या आर्मीचे पायदळ तेथेच झिजू लागले. पुढे शहराच्या वायव्येला कोत्लुबानच्या बाजूने वारंवार हल्ले झाले, त्यांतही सोव्हिएत सैन्याची अपरिमित हानी झाली; तथापि शहरात लागणाऱ्या जर्मन डिव्हिजन तिकडे गुंतून पडल्या. पाउलुसने शहरात पाऊल ठेवले ते अशा थकलेल्या सैन्यानिशी. शहरातील लढाई समजण्यासाठी शहराबाहेरची लढाई आधी समजावी लागते, हे मला त्या खंडाने शिकवले. नवे पुस्तक हाती आले की ते पहिली तारीख कोणती धरते आणि २३ ऑगस्टच्या आधी किती पाने देते, एवढे मी आधी पाहतो. लेखक कोणाच्या खांद्यावरून लढाई पाहतो आहे याचा अंदाज तेवढ्यावरून येतो.

खर्चाची अडचण मात्र सुटण्यासारखी आहे. मूळ काम तीन खंडांचे असून तिसरा खंडच दोन पुस्तकांचा आहे. पहिले दोन २००९ साली आणि तिसरा २०१४ साली आला. त्याच लेखकांनी २०१७ साली हे सर्व एका खंडात संक्षेपाने दिले आहे. गटासाठी तो एक खंड पुरेसा आहे. पुढे एखाद्या आठवड्याचा तपशील हवासा वाटला, तर शहरातील लढाईचा दुसरा खंड तेवढा विकत घ्यावा. एक सूचना आधीच देऊन ठेवतो: ही पुस्तके गोष्टीसारखी वाचता येत नाहीत. पानापानावर रेजिमेंटचे आकडे येतात, आणि शेजारी नकाशा व हातात पेन्सिल नसेल तर तिसऱ्या प्रकरणात माणूस झोपी जातो.

आठवणींविषयी थोडे. वासिली चुइकोव्ह यांनी १२ सप्टेंबर १९४२ रोजी ६२व्या आर्मीची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या आठवणी अवश्य वाचाव्यात, कारण शत्रूला इतके बिलगून राहायचे की त्याच्या विमानांना आणि तोफांना आपल्याच माणसांच्या भीतीने मारा करता येऊ नये, ही युक्ती आणि घराघरांतून लढणाऱ्या छोट्या हल्ला-तुकड्यांची रचना त्यांच्याच शब्दांत समजते. मात्र वरिष्ठांशी झालेले वाद आणि स्वतःच्या चुका यांबाबत त्यांच्यावर विसंबू नये. जर्मन सेनापती मानस्टाइन यांच्या 'लॉस्ट व्हिक्टरीज' या आठवणींना तर अधिकच सावधपणे हात लावावा. वेढा न फुटण्याचा दोष ते हिटलर आणि पाउलुस यांच्या पदरात घालतात. परंतु २४ नोव्हेंबर १९४२च्या सुमारास तातडीने बाहेर पडण्याचा आग्रह खुद्द त्यांनीही धरला नव्हता, हे त्या वेळच्या संदेशांवरून दिसते. आपल्या तिसऱ्या प्रश्नाची गाठ येथेच आहे. इंधन नव्हते, घोडे मागे पाठवलेले होते, हिटलरची परवानगी नव्हती आणि विमानांनी रसद पोहोचेल असा शब्द वर दिला गेला होता. यांतले कोणते कारण किती वजनाचे, यावरच इतिहासकारांचे खरे भांडण आहे.

जुनी मिल

मी लष्करी इतिहासाचा अभ्यासक नाही. माझे आयुष्य सोलापुरात कापड गिरणीच्या खात्यांत गेले आणि निवृत्तीनंतर या विषयाचा नाद लागला. स्टालिनग्राडच्या उत्तर भागातील ट्रॅक्टर कारखाना, बॅरिकेड्स तोफ कारखाना आणि रेड ऑक्टोबर पोलाद कारखाना यांतील लढाईची वर्णने मी वाचली, तेव्हा मला ती ओळखीची वाटली. गिरणीत वावरलेल्या माणसाला ठाऊक असते की अशी इमारत पडली तरी रिकामी होत नाही. यंत्रांचे पाये, जमिनीखालचे नळ आणि बोगदे, कोसळलेल्या छताच्या कैच्या, चिमणीचा बुंधा, बॉयलरची जाड भिंत हे सगळे जागच्या जागी राहते आणि पडलेल्या ढिगाऱ्यामुळे लपायला उलट अधिक जागा होते. जर्मनांनी बॉम्ब टाकून रणगाड्यांचा रस्ता स्वतःच बुजवला, हे वाक्य मी कोठे वाचले नव्हते. जुन्या मिलच्या पडक्या भिंतींकडे पाहताना ते मला सुचले, आणि नंतर पुस्तकांतही त्याला आधार सापडला.

या भागासाठी जेसन मार्क यांचे 'आयलंड ऑफ फायर' पाहावे. ते केवळ बॅरिकेड्स कारखान्याच्या परिसरातील लढाईवर आहे. ल्युदनिकोव्ह यांची सोव्हिएत १३८वी डिव्हिजन पाठीशी नदी आणि तीन बाजूंना शत्रू अशा चिंचोळ्या पट्टीत कशी टिकून राहिली, हे त्यात घरागणिक सांगितले आहे. पुस्तक महाग आहे आणि सहजी मिळत नाही, म्हणून आधी घेऊ नये. ग्लान्त्झ वाचून झाल्यावर एखाद्या कारखान्याची एकच भिंत जवळून पाहावीशी वाटली, तर त्याचा उपयोग आहे.

शहराचा आकार डोळ्यांसमोर आणण्यासाठी मी एक उपाय करतो. स्टालिनग्राड व्होल्गाच्या पश्चिम काठाने तीस-चाळीस किलोमीटर लांब पसरलेले होते, म्हणजे जवळजवळ सोलापूरपासून मोहोळपर्यंत. रुंदी मात्र अगदी थोडी. पाठीशी एक किलोमीटरहून रुंद नदी आणि कुमक, दारूगोळा, भाकरी सारे होड्यांतून, बहुतेक रात्रीच. रोदिम्त्सेव्ह यांची १३वी गार्ड्स डिव्हिजन १४ सप्टेंबरच्या रात्री अशीच नदी ओलांडून थेट लढाईत उतरली.

रविवारचा वाचक

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बराचसा सहमत आहे, पण क्रमाबाबत माझे मत वेगळे आहे. पाच जणांच्या गटापुढे पहिल्याच रविवारी रेजिमेंटचे आकडे ठेवले तर तिसऱ्या रविवारी दोघेच उरतील. मी सुरुवात योखेन हेलबेक यांच्या पुस्तकाने करीन. सोव्हिएत इतिहासकार आयझॅक मिन्त्स यांच्या युद्धाच्या नोंदी गोळा करणाऱ्या आयोगातील लोक लढाई चालू असतानाच स्टालिनग्राडला गेले आणि त्यांनी सैनिक, अधिकारी, परिचारिका, कारखान्यांतील लोक अशा दोनशेहून अधिक जणांच्या मुलाखती टिपून घेतल्या. त्या मुलाखती सोव्हिएत काळात बहुतांशी दफ्तरात पडून राहिल्या. हेलबेक यांनी त्या पुढे आणल्या. चुइकोव्ह त्यांत जे बोलतात ते त्यांच्या छापील आठवणींपेक्षा पुष्कळ उघडे आणि कठोर आहे. एकाच माणसाचे १९४३ सालचे बोलणे आणि पुढील काळात छापलेले पुस्तक शेजारी ठेवून वाचले, तर 'आठवणींवर कितपत विश्वास ठेवावा' या प्रश्नाचे उत्तर कोणाला विचारावे लागणार नाही.

बीव्हर यांनी दिलेल्या एका आकड्यावरही तेथे वाद आहे. लढाईच्या काळात सुमारे १३,५०० सोव्हिएत सैनिकांना त्यांच्याच बाजूने देहदंड दिला, असे त्यांच्या पुस्तकात येते. हेलबेक यांना तो आकडा मान्य नाही. स्टालिनचा २८ जुलै १९४२चा आदेश क्रमांक २२७, म्हणजे 'एक पाऊलही मागे नाही', कठोर होता यात शंका नाही. माणसे भीतीने लढली की आणखी कशाने, यावर आपल्या गटात दोन रविवार सहज जातील.

दंतकथांबाबत एक सांगतो. झाइत्सेव्ह हा निष्णात सोव्हिएत नेमबाज खरोखर होता, पण त्याचे जर्मन 'मेजर क्योनिग'शी झालेले म्हणून सांगितले जाणारे द्वंद्व जर्मन कागदपत्रांतून सिद्ध झालेले नाही. पावलोव्हचे घर, म्हणजे सोव्हिएत तुकडीने शहरात लढवत ठेवलेली इमारत, हेही खरे आहे. मात्र तेथील तुकडीचे नेतृत्व बराच काळ लेफ्टनंट अफानास्येव्ह यांच्याकडे होते आणि पोवाडा सार्जंट पावलोव्हचा झाला. जे पुस्तक या दोन गोष्टी टीपेशिवाय, जशाच्या तशा सांगते, त्याच्या इतर तपशिलांवर मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवतो.

बखरवाचक

हेलबेक आधी, हे मला पटले. विमानांनी रसद पोहोचवण्याच्या प्रकरणासाठी जोएल हेवर्ड यांचे 'स्टॉप्ड ॲट स्टालिनग्राड' सुचवायचे राहून गेले होते. ते जर्मन हवाई दलावर आहे. दररोज किमान ३०० टन तरी लागतील असा हिशेब असताना सरासरी सव्वाशे टनही पोहोचले नाहीत. पितोमनिक आणि गुमराक ही धावपट्टीची ठिकाणे जानेवारीत हातची गेल्यावर तर पोती वरून टाकण्याची वेळ आली. पानिपतावर रसद तुटलेली छावणी ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे प्रकरण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. फक्त उपमा फार ताणू नये. भाऊ उपासमारीला कंटाळून बाहेर पडला आणि लढला; पाउलुस आत बसून राहिला आणि ३१ जानेवारी १९४३ रोजी एका मोठ्या दुकानाच्या तळघरात पकडला गेला.

जाता जाता: वेढा पूर्ण होऊन सोळा दिवस झाले होते, तेव्हा ९ डिसेंबर १९४२ रोजी आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये वारले. गटातील तरुणांना त्या वर्षाचा अंदाज देण्यासाठी मी हीच तारीख सांगतो.

नवीपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही असे ठरवले आहे: प्रथम हेलबेक, सहा रविवार. त्यानंतर ग्लान्त्झ-हाउस यांचा एका खंडातील ग्रंथ; त्याची एकच प्रत वर्गणीतून घेऊ आणि ती आळीपाळीने घरी नेऊ. चुइकोव्ह आणि मानस्टाइन यांतील निवडक प्रकरणे त्याच्या जोडीने. हेवर्ड वेढ्याचा भाग येईल तेव्हा पाहू. 'आयलंड ऑफ फायर' सध्या बाजूला ठेवले आहे.

एक शंका उरते. पुस्तकांतील नकाशे लहान असतात आणि नावांचे उच्चार ठिकठिकाणी वेगळे लिहिलेले असतात. मोठा नकाशा कोठून मिळवावा?

जुनी मिल

विकत घेण्याच्या भरीस पडू नका. पुस्तकातील शहराचा नकाशा झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री आकारात मोठा करून घ्या आणि त्यावर रेल्वेमार्ग, धान्याचे कोठार, दोन रेल्वेस्थानके, मामायेव्ह टेकडी, तीन कारखाने आणि होड्यांचे धक्के एवढेच रंगीत पेन्सिलीने ठळक करा. मामायेव्ह टेकडी लष्करी नकाशांवर बहुधा 'उंची १०२' म्हणून दिसते, ती आधी शोधा. तिच्यावरून धक्क्यांपर्यंतचा प्रदेश नजरेच्या टप्प्यात येतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा एका हातातून दुसऱ्या हातात गेली. नावांसाठी वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी ठेवा आणि एकच मराठी उच्चार ठरवून टाका. माझी प्रत तयार आहे, पुढील रविवारी घेऊन येईन.