हॅलोवीनची कँडी: बाऊल पायरीवर ठेवावा की दारात बसून द्यावी?

उंबरठा: हॅलोवीनला, 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, अमेरिकेत पोरं सोंगं घेऊन दारोदार कँडी मागत फिरतात. न्यू जर्सीच्या उपनगरांत तेव्हा बरीच घरं पायरीवर कँडीचा बाऊल आणि 'एकच घ्या' अशी पाटी ठेवून मोकळी होतात. हे बंद व्हावं. उजेड असताना आईबापांचं बोट धरून चिल्लीपिल्ली येतात, ती एकेकच घेतात. अंधार पडला की मोठ्या पोरांचे घोळके निघतात. त्यातला एक जरी द्वाड निघाला तरी बाऊल पालथा, मागच्यांना पाटी वाचायला मिळते. दारात बसलं की हात आवरता-सोडता येतो: सुरुवातीला दोन-दोन, गर्दी वाढली की एक, शेवटी उरलेलं मूठमूठ. संपलं की पोर्चचा दिवा बंद. दिवा बंद म्हणजे बेल वाजवायची नाही, हे पोरांना पक्कं ठाऊक असतं.

प्रदोष: आणि दिवाळी त्याच दिवशी आली तर? 2024 मध्ये अमेरिकेत अनेक घरांत लक्ष्मीपूजन 31 ऑक्टोबरलाच झालं. तिकडे त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पूजेची वेळ आणि पोरांची झुंबड एकदमच. दिवा बंद करा म्हणे! लक्ष्मीपूजनाला दारात अंधार कोण करेल? माळ झगमगताना दिसली की पोरं येणारच. अशा वेळी बाऊलच बरा. फक्त सगळी पिशवी ओतू नका. वीस-पंचवीस नग ठेवा, आरती झाली की पुन्हा भरा. कोणी लुटलंच तर तेवढंच जाईल.

उंबरठा: मग आरती होईपर्यंत आलेल्यांनी काय करायचं? घरात मोठी माणसं दोन असतील तर एकाने दारात खुर्ची टाकावी. आणि पायऱ्यांवर तेलाच्या पणत्या अजिबात नकोत. पॉलिएस्टरचे लांब झगे, त्यात मुखवट्यातून पायाखालचं दिसत नाही. बाहेर बॅटरीच्या पणत्या, खऱ्या आत.

सोललेले_दाणे: भांड्यावरून वाद चाललाय, आत काय आहे ते कोणी बोलेना. मिश्र पिशवीत स्निकर्स, रीसेस असतात, दोन्हींत शेंगदाणा. काही पोरांना त्याची ॲलर्जी असते, म्हणून तो बाऊल वेगळाच हवा. छोट्या पाकिटांवर अनेकदा घटकांची यादी नसते आणि तीच कँडी मोठ्या आकारात वेगळ्या घटकांची असू शकते, म्हणून पिशवीवरची यादी कापून बाऊलला चिकटवा. दारात निळसर-हिरवा भोपळा (ॲलर्जीवाल्या पोरांनाही इथे काही मिळेल, अशी खूण) ठेवला तर खाऊ नसलेल्या वस्तूही ठेवाव्या लागतात: स्टिकर, पेन्सिली, चमकत्या कांड्या. ही खूण 2014 पासून देशभर चालते. शाकाहारी पोरांसाठी स्किटल्स चालतात. तिकडच्या स्टारबर्स्टमध्ये जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचा पदार्थ, असतं. चार वर्षांखालच्यांना कडक गोळ्या नकोत, घशात अडकतात. करंज्या-शंकरपाळे वाटायचा उत्साह आवरा. पाकीटबंद नसलेलं आईबाप घरी जाऊन टाकूनच देतात.

हाताने द्यायचं तर पोरांच्या पिशवीत आपण टाकू नये, ताट पुढे धरावं. ॲलर्जी असलेलं पोर आपलं आपण निवडतं.

प्रदोष: ताट धरायला माणूस हवा ना! एकटं माणूस पूजेला बसलं की बाऊलच. दाण्याचं काढून ठेवतो, एवढं मान्य.

उंबरठा: मग त्या तासाभरापुरताच. पूजा उरकली की खुर्ची बाहेर.