‘हायस्कूलमधून पदवीधर’ झाला म्हणजे नेमका कोण झाला?

बोरूबहाद्दरीण: कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोच्या होमस्टेड हायस्कूलवरचा एक छोटा लेख मराठीत करतेय. शेवटी ‘नोटेबल अलम्नाय’ची यादी आहे. त्यात ॲपल कंपनी काढणारे दोघे आहेत, स्टीव्ह वॉझ्नियॅक, १९६८ आणि स्टीव्ह जॉब्ज, १९७२. मी ‘उल्लेखनीय माजी विद्यार्थी’ असा मथळा दिला आणि खाली लिहिलं, ‘जॉब्ज १९७२ साली होमस्टेडमधून पदवीधर झाला’. नवऱ्याने वाचून विचारलं, “जॉब्ज पदवीधर कधी झाला?” खरंच की! रीड कॉलेजातून तर तो एका सत्रातच बाहेर पडला. हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनला आपण काय म्हणतो?

पाटीपेन्सिल: मॅट्रिक झाला. विषय संपला.

चष्मा_कुठाय: कसला संपला? आपली जुनी मॅट्रिक अकरावीला व्हायची. त्यांचं हायस्कूल नववी ते बारावी. आपल्याकडे अकरावीतलं पोरगं ‘कॉलेजला जातो’ म्हणून बाइक मागतं, त्यांच्याकडे अकरावीतल्याला ‘ज्युनिअर’ म्हणतात आणि तो शाळेतच असतो. शिवाय गंमत बघा, लॅटिनमध्ये मॅट्रिक्युला म्हणजे नावनोंदणीची वही. म्हणजे मुळात मॅट्रिक हा विद्यापीठात दाखल होण्याचा शब्द, आपण तो शाळा सुटण्याला चिकटवला.

पाटीपेन्सिल: आमचे आजोबा सही करताना नावाखाली मॅट्रिक लिहायचे. त्यांना कुणी लॅटिन विचारलं नाही.

शुद्धोदक: ‘शालान्त’ हा सुंदर शब्द पडून आहे. त्याहून मोठी चूक मथळ्यात आहे. ‘माजी’ अरबी आहे. ‘पूर्वछात्र’ लिहा. गुरूच्या छत्राखाली असतो तो छात्र. तिकडे अलम्नस म्हणजे पोसलेलं लेकरू, आणि शाळा ही पोसणारी आई. भाव किती जवळचा आहे!

गावठाण: पूर्वछात्र वाचून रेल्वेच्या हिंदी पाट्या आठवल्या. माजी अरबी म्हणून काढायचा तर शाई, दौत, कागद हेही काढा. मग यादी लिहिणार कशावर? भूर्जपत्रावर?

शुद्धोदक: ‘दिनांक’ आणि ‘महापौर’लाही लोक असेच हसले होते.

गावठाण: दिनांक फॉर्मवर. तोंडात अजून तारीखच आहे.

खाडीपलीकडे: मी क्युपर्टिनोलाच राहते. ‘पदवीधर’मुळे होणारा आणखी एक घोळ सांगते. वॉझनं, म्हणजे वॉझ्नियॅकनं, होमस्टेड संपवलं १९६८ ला आणि बर्कले विद्यापीठाची पदवी घेतली १९८६ ला, ॲपल काढून दहा वर्षांनी, तीही रॉकी रॅकून क्लार्क अशा खोट्या नावाने शिकून. ६८ आणि ८६! तुम्ही दोन्हीकडे पदवीधर लिहिलंत तर मुद्रितशोधक एक आकडा नक्की ‘सुधारणार’. आणि दोघांना कृपा करून ‘वर्गमित्र’ म्हणू नका. साडेचार वर्षांचं अंतर आहे. एक शाळेतून बाहेर पडला तेव्हा दुसरा तिथे जेमतेम येत होता. ओळख करून दिली बिल फर्नांडिसने, तोही होमस्टेडचाच.

चष्मा_कुठाय: वॉझने शाळेत बॉम्बसारखा टिकटिकणारा मेट्रोनोम (संगीतात लय धरायचं यंत्र) दोस्ताच्या लॉकरमध्ये ठेवला होता, आणि त्यापायी एक रात्र बालसुधारगृहात काढली, तीच ही शाळा ना? मग ‘उल्लेखनीय’ चपखल आहे.

बोरूबहाद्दरीण: ‘नामांकित’ केलं तर?

गावठाण: हिंदीवाले नामांकन भरतात, त्यामुळे हल्ली नामांकित म्हटलं की पुरस्कार हुकलेला वाटतो. ‘नामवंत’ बरा.

खाडीपलीकडे: आमच्या लेकाची गोष्ट. माझ्या गावच्या शाळेची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली, ‘आजी-माजी विद्यार्थी मेळावा’. तो म्हणाला, “आई, आजी जाणार हे कळलं, पण माजी कोण?” हसून पुरेवाट. मग त्याला सांगितलं, आजचा तो आजी.

कोकमसरबत: माजी माज-वरूनच असणार. माजी आमदार बघा.

शुद्धोदक: काहीही! माज ‘माद्यति’वरून, संस्कृत. उच्चारही वेगळा. माजमधला ज ‘जाड’मधला, माजीतला ‘जीव’मधला.

चष्मा_कुठाय: व्युत्पत्ती बरोबर, पुरावा चूक. ई आली की तो ज बदलतोच. आज आणि आजी म्हणून बघा.

कोकमसरबत: म्हणजे माझं बरोबर असू शकतं.

चष्मा_कुठाय: नाही.

गावठाण: लेखात शाळेला ‘उपनगरी’ म्हटलंय का? आपल्याकडे उपनगर म्हटलं की बोरिवली फास्ट.

खाडीपलीकडे: इथे एकेकाळी जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागा होत्या. दोघं वाढले तेव्हा त्या तोडून घरं उठत होती. उपनगर म्हणा, पण लोकल नाही.

शुद्धोदक: जर्दाळू फारसी आहे, माहितीसाठी.

बोरूबहाद्दरीण: मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. पदवीधरच्या जागी काय घालू? ‘१९७२ ची बॅच’ लिहिते सरळ.

शुद्धोदक: बॅच???

पाटीपेन्सिल: मॅट्रिक. पहिल्याच उत्तरात सांगितलं होतं.