कार्बन पुरण्याआधी मोजणी नाही, तर नंतरच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

(जमिनीखाली साठवलेला वायू गळतो का हे कसं तपासायचं, यावर माती, कातळ आणि बोअर या नावांनी तिघांचा लेखी वाद.)

माती: कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवायला माझा विरोध नाही. आधीची मोजणी न करता तो खाली सोडायला आहे. मातीतला वायू पावसाबरोबर, मुळांच्या श्वसनाबरोबर वरखाली होतो. वर्षभराची आधीची नोंद नसेल, तर उद्या वाढलेला आकडा खालून आला की मातीतूनच, हे कोण सांगणार? कॅनडात वेबर्नच्या वायू साठवण प्रकल्पाजवळ २०११ मध्ये एका शेतकरी दांपत्याने गळतीचा आरोप केला. तळ्यात बुडबुडे, आसपास मेलेले प्राणी. ती माणसं हवालदिल झाली होती.

कातळ: मग पुढचंही सांगा. तपासात तिथल्या मातीतल्या वायूत कार्बन-१४ सापडला, म्हणजे सजीवांत असणारा आणि हजारो वर्षांत नाहीसा होणारा किरणोत्सारी कार्बन. वेबर्नला पुरतात तो वायू कोळशातून येतो, त्यात कार्बन-१४ उरलेला नसतो. म्हणजे वायू मातीतलाच होता. दुसरी खूण ऑक्सिजनची. जिवाणू वायू सोडतात तेव्हा ऑक्सिजन घटतो. खालून वायू घुसला तर नायट्रोजनही विरळ होतो. यासाठी जुनी नोंद लागत नाही. मोजणीचा खर्च खोलात करा. नॉर्वेच्या स्लाइपनर प्रकल्पात १९९६पासून समुद्रतळाखाली वायू सोडतात आणि पुन्हापुन्हा भूकंपीय सर्वेक्षण करून, म्हणजे खाली लहरी पाठवून, त्याचा पसारा पाहतात.

माती: कार्बन-१४चं मान्य, ते मला आधीच लिहायला हवं होतं. पण त्या कुटुंबाला उत्तर मिळेपर्यंत महिने गेले. दारात आधीची नोंद असती तर पहिल्या आठवड्यात निदान बोलता आलं असतं.

बोअर: दोघेही विहिरी विसरताय. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डिकेटरच्या साठवण प्रकल्पात निरीक्षणासाठीच खोदलेल्या विहिरीची नळी गंजली आणि द्रव नको त्या थरात गेला. २०२४ मध्ये ते उघड झालं. वरच्या अभेद्य खडकाला पाडलेलं प्रत्येक भोक ही एक वाट असते. म्हणून विहिरी कमी, आणि जिथे जमिनीवरून दिसतं तिथे उपग्रह. अल्जीरियात इन सालाहच्या प्रकल्पात जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जाताना उपग्रहानेच दाखवली. २०११ मध्ये तिथलं काम थांबलं.

कातळ: विहीर नसेल तर खालचा दाब कशाने मोजणार? उपग्रहाला समुद्रतळ दिसत नाही. नळीचा धातू सुधारा, विहीर नका काढू.

माती: आणि काम बंद झाल्यावर? युरोपच्या नियमात जबाबदारी सरकारकडे जाण्याआधी साधारण किमान २० वर्षं, अमेरिकेत काम बंद झाल्यानंतरच्या देखरेखीची मूळ मुदत ५० वर्षांची, दोन्हीकडे ती कमी होऊ शकते. ती कमी करायचा अर्ज आला की तो परिसरातल्या लोकांपुढे वाचून दाखवावा, एवढं तरी तुम्हाला मान्य आहे ना, कातळ?

कातळ: वाचून दाखवा, जरूर. पण सोबत दाबाचा आलेखही ठेवा. वायू सोडणं थांबलं की दाब उतरतो आणि धोकाही. तो उतरलेला दिसत असेल, तर मुदत कमी करायला माझी हरकत नाही.