यादवी युद्धात सेनानीची निष्ठा कोणाशी? रॉबर्ट ली यांच्या राजीनाम्याविषयी एक प्रश्न

जुनापुराणा (प्रश्नकर्ता):
अमेरिकेतील यादवी युद्धाविषयी (१८६१–६५; उत्तरेचे संघराज्य विरुद्ध त्यातून फुटलेली दक्षिणेची राज्ये) सध्या वाचन करीत आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे. राज्यांनी फुटून निघणे म्हणजे दुसरेतिसरे काही नसून बंडच होय, असे पुढे दक्षिणेचे सेनापती झालेल्या रॉबर्ट ली यांनी जानेवारी १८६१ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात म्हटले होते. मार्चमध्ये त्यांनी लिंकन यांच्या सहीची कर्नलपदाची बढतीही स्वीकारली. तरीही १८ एप्रिलला संघराज्याच्या सेनेचे नेतृत्व देऊ करण्यात आले, तेव्हा ते नाकारून दोनच दिवसांत त्यांनी राजीनामा दिला, कारण आपल्या व्हर्जिनिया राज्याविरुद्ध शस्त्र उचलणे त्यांना मान्य नव्हते. ज्या सेनेचे मीठ बत्तीस वर्षे खाल्ले, तिच्याविरुद्धच पुढे चार वर्षे लढणाऱ्या माणसाला कर्तव्यनिष्ठ म्हणावे की शपथ मोडणारा? त्यांच्या युद्धकौशल्याविषयी माझा प्रश्न नाही.

रानपाखरू:
या प्रश्नाचे उत्तर ली यांच्या मनात शोधण्याऐवजी त्यांच्याच राज्यातील इतर अधिकाऱ्यांकडे पाहावे, असे मला वाटते. सरसेनापती विनफिल्ड स्कॉट व्हर्जिनियाचेच होते आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते संघराज्याबरोबर राहिले. जॉर्ज थॉमस हेही व्हर्जिनियाचे. सप्टेंबर १८६३ मध्ये चिकमॉगा येथे बाकीची फळी कोलमडली असता ते पाय रोवून उभे राहिले आणि डिसेंबर १८६४ मध्ये नॅशव्हिल येथे त्यांनी दक्षिणेची एक अख्खी सेना मोडून काढली. त्यांच्या बहिणींनी त्यांची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवल्याचे सांगतात. ही कथा शब्दशः खरी असो वा नसो, घरच्या माणसांशी आलेला दुरावा खरा होता. म्हणजे 'दुसरा मार्गच नव्हता' हा युक्तिवाद टिकत नाही. मार्ग होता, त्याची किंमत मात्र जबर होती. शिवाय व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटून निघण्याला संमती दिली ती २३ मे रोजी. ली यांनी त्या राज्याच्या फौजांची सूत्रे २३ एप्रिललाच हाती घेतली होती. राज्याची आज्ञा पाळायची, तर महिनाभर तरी थांबायला हवे होते.

तळटीप:
शपथेच्या मजकुराकडे लक्ष वेधू इच्छितो. त्या वेळी अधिकारी जी शपथ घेत, तिच्यात संयुक्त संस्थानांचा उल्लेख बहुवचनी सर्वनामाने होता: 'त्यांच्या' सर्व शत्रूंविरुद्ध 'त्यांची' प्रामाणिकपणे सेवा करीन, असा. (मराठीत हा बारकावा हरवतो, कारण आपल्याला त्यात आदरार्थी बहुवचन दिसते.) अनेक राज्यांशी मिळून वाहिलेली निष्ठा की एका राष्ट्राशी, हा संभ्रम त्या भाषेतच होता, आणि १८६२ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) नवी, कडक शपथ आणली तिच्यात पूर्वी कधी बंडात भाग घेतला नसल्याचेही वदवून घेण्याची सोय केली. अर्थात थॉमस यांनीही तीच जुनी शपथ घेतली होती, हे मला नाकारता येत नाही.

कोरडवाहू:
चर्चा चांगली चालली आहे, परंतु गुलामगिरी हा शब्द अजून कोणी उच्चारलेला नाही, याचे नवल वाटते. निष्ठा कशासाठी राबली, हे वगळून केवळ तिची खोली मोजली, तर चारित्र्याचा हिशेब अर्धाच राहतो. १८६३ च्या पेनसिल्व्हेनिया मोहिमेत ली यांच्या सेनेने कृष्णवर्णीय माणसे, त्यांत जन्मतः स्वतंत्र असलेलीही, पकडून दक्षिणेकडे नेली. ऑक्टोबर १८६४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीचा विषय निघाला, तेव्हा उत्तरेचे सरसेनापती ग्रँट यांनी कृष्णवर्णीय सैनिकांचाही त्यात समावेश करण्याचा आग्रह धरला; पूर्वी कोणाच्या मालकीचे असलेले सैनिक अदलाबदलीस पात्र नाहीत, असे ली यांनी कळवले आणि बोलणी तिथेच फिसकटली. दुसरे उदाहरण दक्षिणेचेच सेनानी पॅट्रिक क्लेबर्न यांचे. गुलामांना स्वातंत्र्य देऊन सैन्यात घ्यावे, असा प्रस्ताव त्यांनी जानेवारी १८६४ मध्ये मांडला आणि दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी तो दडपून टाकला. पराभव समोर दिसत असतानाही जे सोडवले नाही, त्यावरून ती निष्ठा कशाशी होती हे कळते. ग्रँट यांनी आत्मचरित्रात प्रतिपक्षाच्या शौर्याचा आदर केला आहे, पण त्या प्रतिपक्षाचे ध्येय मात्र लोक ज्यांसाठी लढले त्यांतील अत्यंत वाईट ध्येयांपैकी एक होते, असेही स्पष्ट लिहिले आहे. हेच ग्रँट जून १८६५ मध्ये ली यांच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवला गेला तेव्हा, ॲपोमॅटॉक्स येथे ली शरण आले तेव्हा दिलेला शब्द मोडता येणार नाही, म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यासमोर अडून बसले.

जुनापुराणा:
सर्वांचे आभार. 'जन्मभूमी' या कसोटीवरचा माझा विश्वास मात्र जॉन पेम्बर्टन यांच्यामुळे आणखी डळमळला आहे. ते पेनसिल्व्हेनियाचे, पत्नी व्हर्जिनियाची, आणि लढले दक्षिणेकडून. ४ जुलै १८६३ ला व्हिक्सबर्ग ग्रँट यांच्या स्वाधीन केल्यावर दोन्हीकडून संशय वाट्याला आला, तेव्हा त्यांनी लेफ्टनंट जनरलचे पद सोडले आणि तोफखान्यात लेफ्टनंट कर्नल म्हणून शेवटपर्यंत चाकरी केली. यांना कोणत्या रकान्यात बसवावे?

रानपाखरू:
ली यांच्याच रकान्यात. फरक इतकाच की पेम्बर्टन यांना मातीचे निमित्त पुढे करता येत नव्हते, त्यामुळे त्यांची निवड ही निवड म्हणूनच उघडी पडली.